दमा आणि नवरा-बायकोची जवळीक: म्हसरूळच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न, थोडक्यात: "वय 31, लहानपणापासून दमा. आम्ही नाशिकमध्ये म्हसरूळला राहतो. मिस्टर दिंडोरी तालुक्यात घरची द्राक्षबाग बघतात. गेल्या डिसेंबरात संबंधाच्या वेळी मला धाप लागली, छाती आवळून आली. दम्याचा पंप (इनहेलर) कपाटात होता, तो सापडेपर्यंत दोघंही घाबरून गेलो. तेव्हापासून मिस्टर जवळ येत नाहीत, 'तुला काही झालं तर' म्हणतात. मी निळा पंप वापरते, तोही त्रास झाला की. आठवड्यातून तीन-चारदा लागतो. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते. आम्हाला मूलही हवं आहे. दमा असताना संबंध ठेवले तर चालतं का?"

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते. हो, चालतं. दमा आटोक्यात असेल तर नवरा-बायकोच्या संबंधात दम्यापायी काही सोडून द्यावं लागत नाही. पण तुमचा दमा सध्या आटोक्यात नाही. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल, तर आम्ही डॉक्टर मंडळी तो दमा मोकाट सुटलाय असंच समजतो. डिसेंबरातल्या त्या रात्री जे झालं ते कधी जिना चढताना, कधी बसमागे धावताना, कधी खळखळून हसताना झालं असतं. ते त्या वेळी झालं, म्हणून दोघांच्या मनात भीती बसली. माझं तुम्हा दोघांना कळकळीचं सांगणं एवढंच आहे: संबंध थांबवू नका, दम्यावरची औषधं नीट सुरू करा. त्या रात्रीच्या त्रासाचा इलाज मुख्यतः तुमच्या रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या औषधात आहे.

नवरा-बायकोच्या संबंधात शरीराला साधारण दोन मजले बेताच्या चालीने चढण्याइतके श्रम होतात, आणि त्यातही जोराचा भाग काही मिनिटांचाच असतो. तेव्हा स्वतःची परीक्षा घेणं सोपं आहे. दिवसा दोन जिने चढून बघा. वर पोचल्यावर आणि त्यानंतरच्या दहा मिनिटांत छातीत घरघर, सुंई-सुंई आवाज किंवा खोकल्याची ढास आली नाही, तर तुमच्या फुप्फुसांना रात्रीचे श्रमही झेपतील.

दहा मिनिटं का म्हणते? श्रमात आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. नाकात हवा गरम आणि ओलसर होते, तोंडाने घेतलेली हवा तशीच कोरडी आणि थंड आत जाते. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरातलं पाणी उडतं, आधीच सुजलेलं अस्तर चिडतं आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हे आवळणं बहुधा श्रम संपल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळ्यात जास्त असतं आणि अर्ध्या-एक तासात ओसरतं. म्हणून संबंधाच्या वेळी लागलेली सगळीच धाप दम्याची नसते. धाप कोणालाही लागते, पण निरोगी माणसाची दोन-चार मिनिटांत बसते. दम्याची नंतर वाढत जाते, सोबत आवाज आणि खोकला घेऊन येते. तिसरा प्रकार घाबरण्याचा आहे. त्यात श्वास उथळ आणि वेगाने होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं वाटतं, पण छातीत आवाज नसतो. एकदा वाईट अनुभव आला की पुढच्या वेळी हा तिसरा प्रकार पुष्कळदा येतो आणि माणूस त्यालाच दमा समजतो. फरक ओळखायला घरी पीक फ्लो मीटर ठेवा. औषधाच्या दुकानात मिळणारी ही प्लास्टिकची नळी आहे, जोरात फुंकून आकडा बघायचा. तब्येत चांगली असताना तुमचा सर्वांत चांगला आकडा किती येतो ते लिहून ठेवा. त्रासाच्या वेळी आकडा त्याच्या 80 टक्क्यांच्या खाली गेला तर नलिका खरंच आवळल्या आहेत. आकडा जागेवर असेल तर शांत बसून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडला की बरं वाटतं.

आता औषध. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेले स्नायू सैल करतं, साधारण पाच मिनिटांत आराम देतं आणि चार-सहा तास टिकतं. पण नलिकांच्या आतली सूज त्याने तसूभरही कमी होत नाही, आणि दमा म्हणजे मुळात ती सूजच. सूज कमी करतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, रोज, थोड्या मात्रेत. 2019 पासून 'जीना' या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनीही स्पष्ट म्हटलं आहे की मोठ्या माणसांचा दमा केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये. आता ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप पुष्कळ रुग्णांना दिला जातो. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करतं, म्हणून अनेकांना तोच एक पंप रोजचाही आणि अडीनडीचाही म्हणून चालतो. तुम्हाला कोणता आणि किती, हे तपासून आणि स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून ठरवावं लागेल. त्याची मात्रा इथे वाचून स्वतः ठरवू नका. रोजचं औषध सुरू केल्यावर काही दिवसांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून पंप बंद करणारे पेशंट मला दर पावसाळ्यात आणि दर थंडीत पुन्हा भेटतात.

सासूबाईंचा आक्षेप नाशिकमध्ये मी घरोघरी ऐकते, आणि तो मायेपोटीच असतो. त्यांना एवढं सांगा: या पंपाने व्यसन लागत नाही. रोज घ्यावा लागतो कारण आजार रोजचा आहे, जसं रक्तदाबाच्या गोळीचं. श्वासातून घेतलेलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये. जी भीती बाळगायची ती त्या गोळ्यांची, आणि 'दमा मुळापासून घालवतो' म्हणत मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. वर्षानुवर्षं खाल्लं की वजन, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुरुष असो वा बाई, इच्छाही मंदावते. पंपाच्या नेहमीच्या मात्रेने संबंधाची ताकद किंवा इच्छा जात नाही. मात्र पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं, आवाज बसतो.

पंप घेण्याची पद्धतही कोणाकडून तरी एकदा तपासून घ्या. माझ्या ओपीडीत 'पंपाचा उपयोग होत नाही' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं औषध जिभेवर आणि घशातच पडत असतं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आत ओढायला लागतानाच दाबायचा, दहा सेकंद श्वास धरायचा, आणि पंपाच्या दुसऱ्या झटक्याआधी अर्धा-एक मिनिट थांबायचं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर हे सगळं फार सोपं होतं.

रोजचं औषध चालू असूनही श्रमाने त्रास होत असेल, तर संबंधाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घेता येतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे साल्ब्युटामॉलचे दोन झटके, किंवा तुमचा तो एकत्र पंप. खेळाडू मैदानात उतरण्याआधी घेतात तसाच. साल्ब्युटामॉलने छाती धडधडते, हात किंचित थरथरतात. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर त्या क्षणी पुन्हा 'काहीतरी होतंय' अशी शंका मनात येते. आणि दर वेळी आधी पंप लागतोच अशी वेळ आली, तर रोजचं औषध कमी पडतंय असं समजून दाखवायला या.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती म्हणजे मिस्टरांची द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी फवारण्या चालू होतात, गंधकाची धुरळणी होते, आणि माल पक्व होईपर्यंत हे थांबत नाही. तुमचा त्रास डिसेंबरातला. गंधकाची बारीक भुकटी आणि औषधांचा उग्र वास दम्याच्या नलिकांना चांगलाच झोंबतो. बागेतून आलेला माणूस तो कपड्यांवर, केसांत, मिशीत घरी घेऊन येतो. दिवसभर तुम्ही बागेपासून दूर असता आणि रात्री तोच वास तुमच्या उशीवर येतो. तेव्हा फवारणीच्या दिवसांत मिस्टरांनी बागेतले कपडे बाहेरच उतरवावेत, ते घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत, आणि केसांवरून पाणी घेऊन अंघोळ केल्याशिवाय झोपायच्या खोलीत येऊ नये. द्राक्षपट्ट्यातल्या कित्येक घरांत एवढ्या एका बदलाने रात्रीचा खोकला कमी झालेला मी पाहिला आहे. फवारताना त्यांनी स्वतःही मास्क लावावा, ही माझी वेगळी विनंती.

त्यात नाशिकची थंडी. निफाडकडे पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटेची हवा दम्याला सगळ्यात वाईट. एरवीही दम्याच्या नलिका पहाटे तीन-चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात. त्यामुळे पहाटेपेक्षा संध्याकाळ किंवा रात्रीची सुरुवात बरी, आणि सुट्टीच्या दुपारी घर रिकामं मिळालं तर त्याहून बरी. एकत्र कुटुंबात वेळ आपल्या हातात नसते हे मला ठाऊक आहे. मग निदान एवढं पाहा: जेवण आणि संबंध यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं आणि त्याने दमा उसळतो. थंडीत खिडकीच्या फटीतून किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर येऊ देऊ नका.

खोलीचंही बोलते. डासांची कॉइल खोलीत नकोच, मच्छरदाणी लावा. संध्याकाळच्या उदबत्तीचा, धुपाचा धूर झोपायच्या खोलीत कोंडू देऊ नका. घरात मिश्री भाजली जात असेल तर ती तुम्ही घरात असताना भाजू नये, हे सासूबाईंना मिस्टरांनीच सांगावं, सुनेने सांगितलेलं वेगळं ऐकलं जातं. कापसाच्या गादीत धुळीतले सूक्ष्म किडे असतात, आणि गादीवर हालचाल झाली की त्यांची धूळ नाकाशी उडते. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. गादीला ऊन दाखवा, पण ती झटकायचं काम तुमचं नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन बुरशी धरली असेल तर पलंग तिथून हलवा. अत्तर, डिओ, टाल्कम पावडर, आणि काहींना मोगऱ्याचा गजरासुद्धा सोसत नाही. तुम्हाला काय सोसत नाही ते तुमचं तुम्हीच ओळखू शकता. नाक सतत चोंदलेलं असेल तर त्यावरही उपचार घ्या. नाक बंद असताना चुंबनसुद्धा गुदमरवतं, आणि तोंडाने श्वास घ्यावा लागल्याने दमा लवकर चेततो.

दादा, आता तुमच्याशी. बायकोचा जीव घाबरा झालेला पाहिल्यावर तुम्ही लांब राहिलात ते तिच्या काळजीपोटी, हे मला कळतं. पण तिच्यापर्यंत ते वेगळंच पोचतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका दार लोटून घेतल्यावर सांगतात, "आता त्यांना मी नकोशी झालेय." लग्न ठरताना दमा लपवलेल्या, सासरी न्हाणीघरात जाऊन पंप ओढणाऱ्या मुली मी पाहते, आणि मला फार वाईट वाटतं. पंप लपवायचा असल्यामुळेच तो कपाटात असतो आणि वेळेवर सापडत नाही. तेव्हा तुमच्या घरात पंप उशाशी ठेवायचा, दोघांना अंधारातही हात घालून सापडेल अशा जागी. त्यात औषध किती उरलंय तेही तुम्हीच बघत जा. आणि एक खूण ठरवा. धाप लागली की बोलवत नाही, म्हणून तिने तुमच्या पाठीवर दोनदा थोपटलं की थांबायचं, एवढं ठरलं तरी तिला धीर येतो. थांबल्यावर रुसवा नको, प्रश्नांची सरबत्ती नको. बरं वाटलं आणि दोघांची इच्छा असली तर पुन्हा सुरू करा, नसली तर जवळ पडून राहा.

सुरुवात सावकाश करा. याला वैद्यकीय कारण आहे. हळूहळू वाढवलेल्या श्रमाने, खेळाडू अंग गरम करतात तसं, बऱ्याच जणांच्या नलिका नंतरच्या जोराच्या श्रमाला कमी चिडतात. म्हणजे स्पर्शाला, बोलण्याला भरपूर वेळ दिला तर तो फुप्फुसांनाही मानवतो. तिच्या छातीवर आणि पोटावर तुमचं वजन येणार नाही असं बघा. दोघांनी कुशीवर राहणं, किंवा तिने पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसलेलं असणं सोपं जातं. ती वर असेल तर छाती मोकळी राहते आणि वेग तिच्या हातात राहतो, मात्र श्रम तिचे वाढतात. दमली की जागा बदला. तोंड उशीत दाबलं जाईल अशी स्थिती टाळा.

आणि खरोखरच त्रास झालाच तर: थांबा. तिला सरळ बसवा, किंचित पुढे वाकून, आडवं झोपवू नका. दार-खिडकी उघडा, पण गार वारा थेट नको. स्पेसरमधून निळ्या पंपाचा एक झटका, त्यावर चार-पाच श्वास, मग दुसरा, असे चार झटके. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी 108 ला फोन. गाडी येईपर्यंत हे असंच चालू ठेवा. तिला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, मानेचे-फासळ्यांचे स्नायू आत ओढले जात असतील, ओठ निळसर पडत असतील, किंवा ती गुंगत असेल, तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना. छातीतला आवाज एकदम थांबला पण धाप तशीच असेल, तर तेही धोक्याचंच. डॉक्टरांनी निळ्याऐवजी दुसरा अडीनडीचा पंप दिला असेल तर त्याची मात्रा लिहून घ्या आणि तो कागद पंपासोबत ठेवा. हे सगळं एकदा दिवसा, दोघांनी मिळून, तालीम केल्यासारखं करून बघा. पुढे काय करायचं ते हाताला माहीत झालं की तुमची भीती निम्मी उतरेल.

काही बारीकसारीक, पण चुकवू नये असं. निरोध वापरल्यावर खाज, सूज किंवा धाप येत असेल तर रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. फुगा फुगवताना ओठ सुजणं ही तिची ओळखीची खूण. लॅटेक्स नसलेले निरोधही मिळतात. याउलट निरोध नसतानाच अर्ध्या तासाच्या आत खाज-जळजळ होत असेल तर वीर्याची ॲलर्जी असू शकते. ती दुर्मीळ आहे, पण असते, आणि लाज न बाळगता सांगावी. मनातली धाकधूक कमी व्हावी किंवा लवकर वीर्यपतन होऊ नये म्हणून काही पुरुष प्रोप्रानोलॉलची गोळी घेतात. ज्याला स्वतःला दमा आहे त्याने ती घेऊ नये, श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांचंही तेच. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही दम्याचा झटका येतो, तेव्हा पाळीत पोट दुखतं म्हणून गोळी घेताना याची चौकशी करा. काही बायकांचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढतो. तुमचं तसं होतं का, ते तीन-चार महिने कॅलेंडरवर खुणा करून बघा. छातीत कळ येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल तर तो दमा समजू नका, हृदयाची तपासणी करा.

मुलाबद्दल. दम्यामुळे आई होता येत नाही असं काही नाही. संबंध रोज यायलाच हवेत असा ताणही घेऊ नका. दोन-तीन दिवसांआड पुरतं. दमा मात्र गर्भ राहण्याआधी आटोक्यात आलेला हवा. गरोदरपणात ढोबळमानाने एक तृतीयांश बायकांचा दमा कमी होतो, एक तृतीयांशांचा वाढतो, उरलेल्यांचा तसाच राहतो, आणि कोण कुठल्या गटात जाईल ते आधी सांगता येत नाही. श्वासातून घ्यायचं औषध गरोदरपणातही चालू ठेवायचं असतं. त्यातल्या ब्युडेसोनाइडचा गरोदर बायकांमधला अनुभव मोठा आणि दिलासा देणारा आहे. बाळाला धोका होतो तो आईला प्राणवायू कमी पडल्याने: वेळेआधी प्रसूती, कमी वजन, आईचा रक्तदाब वाढणं. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून पंप बंद करणं ही मी वारंवार पाहिलेली गोष्ट आहे, आणि तिचे परिणामही पाहिले आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत दम्याचं आणि सगळ्या औषधांचं सांगा.

तर पुढच्या आठवड्यात, फवारणीचा खाडा बघून, दोघं मिळून जवळच्या छातीविकारतज्ज्ञांकडे जा. सध्याचा पंप, आधीचे कागद आणि जमलं तर आठवडाभराचे सकाळ-संध्याकाळचे पीक फ्लोचे आकडे सोबत न्या. डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही तरी 'संबंधाच्या वेळी धाप लागते' हे वाक्य तुम्ही स्वतः बोला, दादा सोबत असतील तर त्यांनी बोलावं. ते ऐकल्यावरच त्यांना औषध त्या हिशोबाने बसवता येईल. साधारण महिन्या-दीड महिन्याने पुन्हा दाखवा. तोवर दोन जिने त्रासाविना चढता यायला लागले, की जवळ यायला डॉक्टरांच्या परवानगीची वाट पाहू नका.